तीन तास चौदा मिनिटे

“कार्ड की पॉवर सप्लाय? एकच बोल बेटा! दोन्ही तुझ्या बजेटमध्ये बसत नाहीत.”

सांडूचाचांनी काउंटरवर दोन खोकी शेजारी शेजारी ठेवली. पैठण गेटजवळच्या त्यांच्या दुकानात तिघांना धड उभे राहायलाही जागा नव्हती. भिंतीवर जुने की-बोर्ड टांगलेले, पायाशी पोट उघडे पडलेले सीपीयू, आणि वर एकुलता एक पंखा. तोही मे महिन्याची गरम हवाच फिरवत होता.

केयूरने दोन्ही खोक्यांकडे पाहिले. त्याने दीड वर्ष साठवलेल्या आठ हजारांतून वापरलेली रॅम आणि नवी छोटी डिस्क घेऊन झाली होती. उरलेल्या पैशांत जुने ग्राफिक्स कार्ड येत होते, किंवा नवा पॉवर सप्लाय.

“कार्डच!” तो म्हणाला.

“थांब जरा,” ओवीने वही उघडली. ओवी त्याची मामेबहीण, सुट्टीला बजाजनगरहून आलेली. ती सातवीत होती आणि वही घेतल्याशिवाय दाराबाहेर पडत नसे. “हे कार्ड एकशे वीस वॅट वीज खातं. तुझा सप्लाय सात वर्षांचा आहे. चाचा, पेलवेल का त्याला?”

“पेलवेल तो सही,” चाचांनी मान डोलावली. “पर बुढा झालाय. भरोसा नक्को करू.”

“मला भरोसा आहे!”

“तुझा नाय रे, त्या डब्याचा इचारतायत चाचा!” दीपमाला म्हणाली, आणि चाचाही हसले.

दीपमाला केयूरच्या वर्गात होती आणि पुंडलिकनगरात त्याच्याच गल्लीत, आजीबरोबर एका भाड्याच्या खोलीत राहायची. एरवी तिची बडबड थांबवावी लागे. आज मात्र सकाळपासून तिने हा एकच टोला मारला होता.

परतीच्या शेअर रिक्षात केयूर खोके मांडीवर धरून बसला. “संध्याकाळी खेळायला पहिला नंबर दीपमालाचा!”

“खेळून घेते,” ती म्हणाली. “एक जूनला आम्ही पाचोडला चाललोय.”

“लग्नाला?”

“नाय. कायमचं.”

रिक्षा एका खड्ड्यातून गेली, आणि केयूरने खोके छातीशी धरले.

दीपमालाची आजी, केसरबाई, परगावच्या तीस विद्यार्थ्यांना जेवणाचे डबे करून द्यायची. तांदूळ धुण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळे पाणी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या हापशाचे. तो हापसा बारा दिवसांपूर्वी आटला होता.

“मिस्तरी बघून गेला,” दीपमाला सांगू लागली. “म्हणला, हापसा ठणठणीत हाय, पाणीच खाली गेलंय. विकतच्या पाण्यावर डबे परवडत नाय म्हणते आज्जी. गावाकडं मामाची बाग हाय, तिथं जायचं.”

“आणि शाळा?”

“तिथंबी शाळा हाय की,” असे म्हणून ती बाहेर बघत राहिली.

मोठी माणसे ‘दुष्काळ’ एवढेच म्हणत, आणि पुढचे प्रश्न तिथेच संपत. नळाला आठ दिवसांनी पाणी यायचे. गल्लीच्या तोंडाशी दोन नव्या इमारती उभ्या राहत होत्या आणि सकाळपासून टँकरच्या रांगा लागत होत्या. त्यात एक हापसा आटला, याचे कुणाला काय वाटणार?

घरी आल्यावर केयूरने सीपीयूची बाजूची पट्टी उघडली. रंगकामाच्या ब्रशने धूळ झाडली. ओवीने टॉर्च धरला. कार्ड खाचेत सरळ बसवून त्याने दोन्ही अंगठ्यांनी दाबले. टक्! इवला आवाज झाला, आणि तिघांनी एकदमच श्वास सोडला.

मग खेळ सुरू झाला आणि पडद्यावर एक दरी उघडली.

गवताचे प्रत्येक पाते वेगळे हलत होते. कड्यावरून धबधबा कोसळत होता आणि त्याच्या तुषारांत मावळतीचा उजेड अडकला होता. केयूरने हा खेळ वर्षभर ठोकळ्यांसारख्या डोंगरांत खेळला होता. त्याच डोंगरात हे सगळे दडलेले होते?

“केवढं पाणी!” दीपमाला पुटपुटली. “कुठं हाय हे?”

“कुठंच नाही,” ओवीही हळूच बोलली. “हे कार्ड सेकंदाला साठ वेळा नवं चित्र काढतंय. प्रत्येक थेंब कुठे असेल, उजेड कुठून येईल, सगळं गणित करून.”

“साठ वेळा? आपण नुसतं बघतोय तेवढ्यात?”

खट्! पडदा काळा झाला.

“केयूर, काय केलंस?”

“मी हातसुद्धा लावला नाही!”

कॉम्प्युटर आपला आपण पुन्हा सुरू झाला, जणू काही घडलेच नव्हते. पण रात्रीच्या जेवणाआधी तो आणखी एकदा तसाच बंद पडला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी पुन्हा तेच!

“घ्या, बसला भरोसा,” केयूरची आई म्हणाली. पण सीपीयू स्कूटरवर बांधून चाचांच्या दुकानात तिनेच पोचवला.

सांडूचाचांनी तो टेबलावर दोन तास चालवला. धबधबा कोसळत राहिला. पडदा एकदाही काळा झाला नाही.

“इथे का नाही बंद पडत?” केयूर रडकुंडीला आला.

चाचांनी एक दुसराच, मोडका पॉवर सप्लाय उघडला आणि आतल्या बुटक्या, गोल डब्या दाखवल्या. “ह्या बघ टाक्या. भिंतीतली वीज एका सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. मशीनला तर एकसारखी पाहिजे. म्हणून ह्या टाक्या भरून ठेवतात आणि पुरवून देतात. बाहेर वीज पलकभर कमी झाली, तर मशीनला पत्ताच लागत नाही. तुझ्या सप्लायच्या टाक्या सुकल्यात, आणि वरून कार्डानं बोजा वाढवला.”

“म्हणजे आमच्या घरी वीज पलकभर कमी होते?” ओवीने विचारले.

“हौ! तुमच्या जवळपास कोणतं तरी तगडं यंत्र चालू होतंय. चालू होताना ते एक मोठा घोट घेतं. दुसऱ्यांना जाणवत नाही, तुझ्या बुढ्याला जाणवतं.” मग चाचांनी पडद्यावर एक लांबलचक यादी उघडली. “मशीन मरताना काही लिहू शकत नाही. पर उठल्यावर पहिलं हेच लिहितं, की मागच्या टायमाला मी न सांगता गेलो होतो. वेळ पण लिहितं. तुम्ही वाचत नाही, म्हणून काय झालं?”

ओवी त्या यादीकडे बघतच राहिली. ज्या दिवशी कॉम्प्युटर घरात आला, त्या दिवसापासूनची नोंद तिथे होती. सात वर्षे तो आपली रोजनिशी लिहीत होता आणि घरात कुणाला त्याची गंधवार्ता नव्हती!

“केयूर,” ती म्हणाली, “दुरुस्त करू नकोस. आपण तो मुद्दाम बंद पडू देऊ या.”

सोमवारी सकाळपासून धबधबा चालू राहिला. दोघे आळीपाळीने समोर बसले. पडदा काळा झाला की वेळ लिहायची आणि धबधबा पुन्हा सुरू करायचा.

“सुट्टीत नुसतं पाण्याकडे बघत बसणारी पोरं पहिल्यांदाच पाहतेय,” आई म्हणाली.

“आई, हा प्रयोग आहे!”

“असू दे. प्रयोग करता करता लसूण सोला.”

नऊ दहा. बारा एकतीस. तीन बावन्न. सात बारा. मंगळवारी आठ एकोणतीस, अकरा सत्तेचाळीस, तीन पाच, सहा बावीस.

ओवीने वजाबाक्या मांडल्या. “सोमवारी दोन वेळांमधलं अंतर तीन तास एकवीस मिनिटं. पुन्हा तीन एकवीस. मग तीन वीस. मंगळवारी तीन अठरा, तीन अठरा, तीन सतरा. आणि रात्रीचे तास चाराने भागले, तर बरोबर मधले आकडे येतात!”

“म्हणजे रात्रीसुद्धा चालू असतं?” केयूर म्हणाला. “फ्रीज असेल?”

“फ्रीज एवढा नेमका वागत नाही. माणूस तर नाहीच नाही.”

तेवढ्यात दीपमाला दोन रिकामे कॅन घेऊन पाणी मागायला आली. ओवीच्या खांद्यावरून तिने वही पाहिली, आणि कॅन खाली ठेवले.

“तीन तास कायम हायत. वरची मिनिटंच कमी व्हायलीत.”

“हो, तेच तर कळत नाहीये!”

“ही बोअरची मोटर हाय.”

“कशावरून?”

“आमच्या मामाच्या मोसंबीच्या बागेत हाय ना तशी! बोअरमधलं पाणी संपलं की मोटर जळून जाईल, म्हणून पेटी तिला आपोआप बंद करती. मग तीन तास थांबायचं. तेवढ्यात खडकातून पाणी झिरपून बोअरमध्ये जमतं. की परत चालू. आधी एकवीस मिनिटं पुरायचं पाणी. मग वीस. आता सतरा…” दीपमाला थांबली. तिचे डोळे मोठे झाले. “अगं, ती बोअर आटायलीय!”

ओवीने वहीतल्या आकड्यांवरून हलकेच बोट फिरवले. रस्त्याच्या डांबराखाली काळा खडक होता, खडकात बारीक भेगा होत्या, आणि त्या अंधारात पाण्याची पातळी दर फेरीला थोडी थोडी खाली जात होती. ते कुणालाही दिसत नव्हते. केयूरच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्या डब्याला मात्र ते तारेतून कळत होते!

“पण कुणाची बोअर?” केयूर उठलाच. “चला बाहेर!”

घरासमोरच्या विजेच्या खांबावरून तीनच तारा निघत होत्या. एक केयूरच्या घरी. दुसरी शेजारच्या अनंतरावांकडे. त्यांच्याकडे बोअर नव्हतीच. आणि तिसरी आप्पासाहेबांच्या नव्या बंगल्यात.

“पण बंगल्याला तर कुलूप आहे,” केयूर म्हणाला. “आप्पासाहेब बाग वाचवायला पाचोडला गेलेत. पंधरा दिवस झाले.”

“पंधरा,” दीपमाला म्हणाली, “नि हापसा आटून चौदा-पंधराच दिवस झालेत की!”

बंगल्याच्या मागच्या भिंतीला लागूनच तो हापसा उभा होता. मधले अंतर केयूरने पावलांनी मोजले. सोळा पावले.

बुधवारी सकाळी दहा एक्केचाळीसला पडदा पुन्हा काळा झाला. वेळ लिहून घेऊन तिघे तडक अनंतरावांकडे गेले. बंगल्याची किल्ली त्यांच्याकडे असायची. अनंतराव जमिनीच्या नकाशांच्या कचेरीतून निवृत्त झाले होते आणि नियमाचे अगदी पक्के होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि आप्पासाहेबांना फोन लावला.

“काय बी सांगायलीत पोरं!” फोनमधून आप्पासाहेबांचा आवाज घरभर झाला. “निघताना लाल बटण मी स्वतः दाबलंय. मोटर बंद हाय! इकडं माझी झाडं वाळायलीत, नि तुम्ही मोटरचं काय घेऊन बसलात, अनंतराव?”

फोन बंद झाला.

“ऐकलंत?” अनंतराव म्हणाले. “आग लागल्याशिवाय किंवा घर फुटल्याशिवाय कुलूप काढणार नाही, असा शब्द दिलाय मी त्यांना. जा, खेळा.”

केयूरचा चेहरा पडला. दीपमाला दाराकडे वळलीसुद्धा. ओवी मात्र जागची हलली नाही.

“आजोबा, आज दुपारी एक वाजून पंचावन्न मिनिटांनी केयूरचा कॉम्प्युटर बंद पडणार. बघायला याल?”

“हे काय, ज्योतिष?”

“नाही, वजाबाकी. पुढचं अंतर तीन तास चौदा मिनिटं येईल. नाही आलं, तर आम्ही पुन्हा हा विषय काढणार नाही.”

अनंतरावांनी चष्मा पुसला. “एक पंचावन्न. बरं. येतो.”

पावणेदोनला ते मनगटी घड्याळ बांधून हजर झाले. पडद्यावर धबधबा कोसळत होता. खोलीतला कूलर घरघरत होता. दीपमाला केयूरच्या आईचा फोन घेऊन हापशापाशी, बंगल्याच्या भिंतीला कान लावून उभी होती.

“काय ऐकू येतंय?” केयूरने अनंतरावांच्या फोनवरून विचारले.

“काय नाय. चिडीचूप.”

एक त्रेपन्न. एक चोपन्न. ओवीने पेन्सिल इतकी घट्ट धरली होती, की तिचे टोक कागदात रुतले. चौदाऐवजी तेरा आले तर? काही गणितच चुकले असेल तर? मग दीपमाला जाणार. त्यानंतर त्यांचे कुणीही ऐकणार नव्हते.

“पंचावन्न झाले,” अनंतराव म्हणाले. “काही होत ना…”

कूलरची घरघर क्षणभर खाली आली. खट्! धबधबा नाहीसा झाला.

त्याच क्षणी फोनमधून किंकाळी आली. “चालू झाली! चालू झाली! भिंत थरथरायलीय!”

अनंतराव काळ्या पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी घड्याळ पाहिले, ओवीची वही पाहिली, आणि पुन्हा पडद्याकडे पाहिले.

“मुली,” ते सावकाश म्हणाले, “हे तू तीन तासांपूर्वी सांगितलं होतंस.” आणि ते उठले. “चला, किल्ली घेतो!”

बंगल्याच्या मागच्या अंगणात पत्र्याची पेटी होती. तिच्यावर हिरवा दिवा जळत होता आणि आतून गुणगुण ऐकू येत होती.

“हात लावायचा नाही कुणी,” अनंतराव म्हणाले. “आधी पाणी कुठे जातंय ते पाहू.”

सगळे गच्चीवर गेले. टाकी काठोकाठ भरलेली होती. खालून पाणी चढत होते आणि वरच्या नळीतून निघून जात होते. ती नळी पावसाचे पाणी उतरणाऱ्या पाइपात सोडलेली होती. नव्या रंगावर ओघळ येऊ नयेत, म्हणून आप्पासाहेबांनीच ती तशी जोडून घेतली होती. पाइप भिंतीतून थेट बंद गटारात उतरत होता. बाहेर एक थेंबही दिसत नव्हता!

दीपमालाने पाइपाला कान लावला. मग केयूरने. मग ओवीने.

आत पाणी कोसळत होते. मघाचे पडद्यावरचे पाणी मुके होते. हे घुमत होते. कोरड्या गल्लीच्या मधोमध, एका बंद घराच्या भिंतीत, दोन आठवडे, रात्रंदिवस.

“आज्जीचं पाणी,” दीपमाला म्हणाली.

अनंतरावांनी फोन लावला आणि तो पाइपाला टेकवून धरला.

“काय आवाज हाय ह्यो?” आप्पासाहेबांनी विचारले.

“तुमची बंद मोटर.”

“ऑटो!” आप्पासाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. “अहो, गावाकडं शेताची लाइट कवाबी येती. म्हणून आम्ही सगळेच पेटीला ऑटो लावतो. लाइट आली की मोटर आपली आपण चालू. बंगला बांधला तवा इथंबी तसाच लावला, सवयीनं. बटण दाबलं मी, पर ऑटोचा खटका वरच राहिला. मधी एकदा लाइट जाऊन आली असंल… खटका खाली करा, अनंतराव! आधी खाली करा!”

अनंतरावांनी रबरी चपला घातल्या आणि कोरड्या काठीने खटका खाली ओढला. गुणगुण थांबली. पाइपातली घुमघुम हळूहळू बारीक झाली. मग टप, टप. मग तेही नाही.

दुसऱ्याच दिवशी आप्पासाहेब स्वतः आले. पांढरी मिशी, धुळीने माखलेली जीप. आधी ते केसरबाईच्या दाराशी गेले आणि टोपी काढून उभे राहिले.

“मावशी, तिकडं एकेका झाडाला तांब्यानं पाणी घालायलोय मी. नि इथं माझ्याच घरातनं… तुमच्याम्होरं उभं राहायला तोंड नाय मला.”

“टाकीतलं पाणी देताव म्हणं,” केसरबाई म्हणाली. “ते चार दिस पुरंल. पुढं?”

हापसा जिवंत झाला तरच केसरबाई थांबणार होती. बोचकी बांधून तयार होती.

आप्पासाहेबांनी मुलांना जीपमध्ये बसवून सांडूचाचांकडे नेले आणि केयूरला नवा पॉवर सप्लाय घेऊन दिला. “बुढ्याला माझ्याकडे ठेव,” चाचा म्हणाले. “भल्या भल्या मीटरला जमलं नाही, ते त्यानं केलं!” त्या संध्याकाळी केयूरच्या पडद्यावरची दरी न विझता उजळत राहिली. पण दरीत कुणी नव्हते. तिघे हापशापाशी होते.

ओवीची नवी मोजणी सुरू झाली होती. रोज संध्याकाळी दोनशे वेळा हापसायचे. गुरुवारी दोनशे, पाणी नाही. शुक्रवारी नाही. शनिवारी दांडा खालीवर करून केयूरच्या तळहातांना फोड आले, पाणी नाही. रविवारी एकशे साठाव्या खेपेला आतून गार, ओलसर हवा वर आली. सोमवारी एकशे बाराव्या खेपेला वाटीभर तांबडे, गढूळ पाणी पडले आणि थांबले.

“वर येतंय,” ओवी कुजबुजली. “आपण बघू शकत नाही, पण ते वर येतंय!”

मंगळवारी अख्खी गल्ली जमली होती. दांडा दीपमालाने धरला. सगळे एकदमच मोजू लागले. चाळीस… पन्नास… एकसष्ट, बासष्ट…

त्रेसष्टाव्या खेपेला हापसा गुरगुरला, आणि मनगटाएवढी धार घागरीत कोसळली. आधी गढूळ, मग फिकी, मग स्वच्छ. दीपमाला थांबेना. धार तुटेना.

अनंतरावांनी ओंजळ पुढे केली. पाणी बर्फासारखे गार होते. “छत्तीस वर्षं मी या शहराच्या जमिनीचे नकाशे जपले,” ते म्हणाले. “कुणाची हद्द कुठवर, ते बिनचूक सांगायचो. पण खाली सगळ्यांचं पाणी एकच आहे, हे तुम्ही दाखवलंत, बाळांनो. शाबास!”

“लई शानी पोरं!” आप्पासाहेबांनी केयूरच्या आणि ओवीच्या डोक्यावर हात ठेवला.

केसरबाईने घागर काठोकाठ भरू दिली, पदराने तिचे बूड पुसले आणि ती कमरेवर घेतली. खोलीच्या दाराशी जाऊन ती वळली.

“दीपे, बघत काय उभी राह्यलीस? मोठं बोचकं सोड, तवा तळाशी हाय. नि तुझ्या दोस्तांनाबी हाक मार. तीस डबे भरायचेत उद्या!”